मावशीच्या डायरीतलं एक पान : मृत्युपत्र का आणि कसं करावं

मावशी गेली तेव्हा तिच्या कपाटात, साड्यांच्या घड्यांखाली, निळ्या पुठ्ठ्याची डायरी सापडली. ती शाळेत शिक्षिका होती, त्यामुळे एकही खाडाखोड नाही. शेवटच्या पानावर तारीख घालून तिने चार ओळी लिहिल्या होत्या : राहता फ्लॅट धाकट्या भाचीला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला, द्यावा, बँकेतली ठेवही तिलाच, दागिने सगळ्या भाच्यांनी वाटून घ्यावेत. खाली पूर्ण सही. धाकटी पाच वर्षं मावशीकडे राहून शिकलेली, शेवटच्या आजारपणात उशाशी तीच होती. त्यामुळे घरात कोणालाच त्या ओळींचं आश्चर्य वाटलं नाही.

आम्ही डायरी घेऊन वकिलांकडे गेलो. त्यांनी पान वाचलं, मग उलटून मागची बाजू पाहिली. ती कोरी होती. “साक्षीदारांच्या सह्या?” त्यांनी विचारलं.

सह्या नव्हत्या. आणि त्या नव्हत्या म्हणून कायद्याच्या लेखी मृत्युपत्रही नव्हतं. मावशीला मूलबाळ नाही, काका आधीच गेलेले. हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता वारली तर 1956 च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाचं कलम 15 लागू होतं. मालमत्ता पहिल्यांदा मुलं आणि नवरा यांच्याकडे जाते. ते नसतील तर नवऱ्याच्या वारसांकडे. तिच्या स्वतःच्या आईवडिलांचा क्रम त्याच्याही नंतर लागतो. (आईवडिलांकडून वारशाने आलेली मालमत्ता तेवढी, मूल नसेल तर, वडिलांच्या वारसांकडे परतते.) मावशीने स्वतःच्या पगारातून हप्ते फेडलेला फ्लॅट तिच्या दिवंगत दिरांच्या मुलांना मिळाला. त्यांचा दोष काहीच नाही, कायद्याने दिलं ते त्यांनी घेतलं.

दोष द्यायचाच तर मला द्या. मी बँकेत होते, मयत खातेदारांच्या दाव्यांच्या टेबलावर काही वर्षं बसले होते, रोज परक्यांना “मृत्युपत्र आहे का?” असं विचारत होते. मावशीला कधी विचारलं नाही. अशुभ वाटलं.

“कायद्याने वाटणी होतेच की”

होते. पण कायद्याला तुमचं घर माहीत नसतं. हिंदू पुरुष मृत्युपत्राशिवाय गेला तर पत्नी, प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी आणि आई यांना सारखा हिस्सा मिळतो. वडिलांना नाही, ते दुसऱ्या वर्गातले वारस. मुलाच्या आधाराने राहणारा बाप कायद्याच्या पहिल्या यादीत बसतच नाही, हे ऐकून माझ्या टेबलासमोर बसलेली माणसं दचकायची.

आता चाळिशीतला एक माणूस घ्या. पत्नी, दोन लहान मुलं, आई. फ्लॅट एकट्याच्या नावावर. तो अचानक गेला की फ्लॅटचे चार सारखे हिस्से होतात. पत्नीला वाटतं, घर आपलंच. पण नोकरीसाठी गाव बदलायचं म्हणून ती फ्लॅट विकायला निघाली की कळतं, अर्धा फ्लॅट अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलांचा आहे, आणि नैसर्गिक पालक असली तरी मुलांचा स्थावर हिस्सा न्यायालयाच्या परवानगीशिवाय तिला विकता येत नाही. सासूची सहीही लागते. घरात कुणाचंच कुणाशी वाकडं नसताना हे सगळं होतं. “फ्लॅट पत्नीला” एवढं एक वाक्य नीट सही-साक्षीने लिहिलेलं असतं तर हे टळलं असतं.

शिवाय काही माणसं कायद्याच्या यादीत येतच नाहीत : लग्न न करता सोबत राहिलेला जोडीदार, रीतसर दत्तक न घेतलेलं पण वाढवलेलं मूल, बायकोचा आधीच्या लग्नातला मुलगा किंवा मुलगी, सेवा करणारी सून (तिचा नवरा हयात असेल तर), आयुष्यभर घर सांभाळणारी बाई. यांच्यापैकी कोणासाठी काही ठेवायचं असेल तर मृत्युपत्राला पर्याय नाही.

“नॉमिनी लावलाय, झालं की!”

हा गैरसमज इतका खोल आहे की यावर थोडं थांबते. मावशीच्या ठेवीला नॉमिनी धाकटीच होती. बँकेने तिला रक्कम दिली. पण मृत्युपत्र नसल्यामुळे ती रक्कमही शेवटी दिराच्या मुलांचीच ठरली आणि तिने ती दिली. नॉमिनी म्हणजे बँकेने पैसे कोणाच्या हातात द्यायचे एवढीच सोय. तो माणूस वारसांच्या वतीने पैसे स्वीकारतो, मालक होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या बाबतीत हे 1983 मध्येच सांगितलं, आणि शेअर व डिबेंचरबाबत डिसेंबर 2023 च्या निकालात पुन्हा स्पष्ट केलं. विम्यात 2015 च्या दुरुस्तीने आईवडील, जोडीदार आणि मुलं या नॉमिनींना लाभार्थी म्हणून वेगळं स्थान दिलं आहे, पण ते विम्यापुरतं. हाउसिंग सोसायटीतल्या नॉमिनेशननेही फ्लॅटची मालकी जात नाही. सामायिक खात्यावर “दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला” असं लिहिलेलं असतं, त्याचाही अर्थ बँकेने पैसे कोणाला द्यावेत इतकाच.

तरीही नॉमिनी लावाच. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात. फक्त नॉमिनी आणि मृत्युपत्रातलं नाव शक्यतो एकच ठेवा. एकाच्या हातात पैसे आणि दुसऱ्याचा हक्क, ही भांडणाची ठरलेली जागा आहे.

आधी यादी

वकील नंतर. पहिल्यांदा एक वही घ्या आणि जे जे तुमच्या नावावर आहे ते लिहा : घर, जमीन, बँक खाती, मुदत ठेवी, पोस्टाच्या योजना, पीएफ, म्युच्युअल फंड, डीमॅट, विमा, लॉकर, दागिने, गाडी, कोणाला दिलेले उसने पैसे. आणि कर्जंही. लोक कर्जं लिहीत नाहीत. कर्ज आधी फिटतं, वाटणी उरलेल्याची होते, म्हणून ते लिहायलाच हवं.

घराचा पत्ता नुसता पोस्टाचा लिहू नका. फ्लॅट असेल तर सोसायटीचं नाव, फ्लॅट क्रमांक, करारनाम्याची नोंदणी तारीख आणि दस्त क्रमांक. जमीन असेल तर गाव, गट क्रमांक, क्षेत्र, सातबाऱ्यावर आहे तसं. “गावाकडची जमीन” असं लिहिलेली मृत्युपत्रं मी पाहिली आहेत. गावाकडे तीन गट असले की वारसांनी कोणता गट समजायचा?

ही यादी केवळ मृत्युपत्रासाठी नाही. दहा वर्षं व्यवहार नसलेल्या खात्यातली रक्कम बँका रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधीत वर्ग करतात. ती वारसाला परत मिळू शकते, पण खातं होतं हेच माहीत नसेल तर मागणार कोण? अशा खात्यांचा शोध घ्यायला 2023 पासून उद्गम नावाचं पोर्टल आहे. त्या पोर्टलवर वारसांना तुमचं नाव टाकून बघत बसावं लागू नये, एवढी तरी यादी करा.

तुमचं नेमकं काय?

मृत्युपत्राने देता येतं ते फक्त स्वतःचं. स्वकष्टार्जित मालमत्ता तुम्ही हवी त्याला देऊ शकता, मुलांना वगळूनही. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मात्र फक्त तुमच्या वाट्याचं मृत्युपत्र करता येतं, भावाबहिणींच्या वाट्याचं नाही. हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलगी जन्मानेच मुलाइतकीच सहहिस्सेदार आहे, आणि त्यासाठी वडील 2005 मध्ये हयात असण्याची अट नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितलं. त्यामुळे “बहिणींनी सोडून दिलंय” हे तोंडी वाक्य गृहीत धरून मृत्युपत्र लिहू नका. नोंदणीकृत हक्कसोडपत्र असेल तरच सोडलं. सातबाऱ्यावर नाव असणं हाही मालकीचा अखेरचा पुरावा नव्हे; ती महसुलासाठीची नोंद आहे. भोगवटादार वर्ग 2 ची (म्हणजे हस्तांतरावर सरकारी अटी असलेली) किंवा कूळकायद्याने मिळालेली जमीन असेल तर मृत्युपत्रानेही ती कोणालाही देता येत नाही, बंधनं असतात. तिथे वकिलाचा सल्ला घ्याच.

धर्मानुसारही फरक पडतो. मुस्लिम व्यक्तीला साधारणपणे एक तृतीयांशापेक्षा जास्त मालमत्ता इतर वारसांच्या संमतीशिवाय मृत्युपत्राने देता येत नाही. ख्रिस्ती आणि पारशी व्यक्तीचं लग्नाआधीचं मृत्युपत्र लग्न केल्यावर रद्द होतं. हिंदूंचं होत नाही. गोव्यातल्या वाचकांसाठी कायदाच वेगळा आहे : तिथे निम्मी मालमत्ता सक्तीच्या, म्हणजे वगळता न येणाऱ्या, वारसांसाठी राखीव असते. खाली लिहिलंय ते मुख्यतः महाराष्ट्रातल्या हिंदू कुटुंबांना धरून आहे.

“नंतर” या शब्दाचा घोटाळा

मराठी मृत्युपत्रांत एक वाक्य हमखास असतं : “माझ्या पश्चात घर पत्नीला मिळावं आणि तिच्या नंतर मुलांना.” वाचायला गोड. पण याचा अर्थ काय? पत्नी मालक आहे आणि ती घर विकू शकते? की तिला फक्त राहता येईल? पहिला अर्थ लावला तर “नंतर मुलांना” हे पोकळ ठरतं. दुसरा लावला तर आजारपणाच्या खर्चासाठीही ती घर विकू शकत नाही. अशा वाक्यांवरून आई आणि मुलं वर्षानुवर्षं कोर्टात असतात.

म्हणून आधी ठरवा. मालक करायचं असेल तर लिहा : “पत्नीला पूर्ण मालकी हक्काने मिळावं, ते विकण्याचा, गहाण टाकण्याचा, बक्षीस देण्याचा तिला पूर्ण अधिकार राहील.” फक्त राहण्याचा हक्क द्यायचा असेल तर : “पत्नीला तहहयात राहण्याचा हक्क राहील, मालकी मुलांची राहील, तिच्या हयातीत तिच्या लेखी संमतीशिवाय घर विकता येणार नाही.” माझं मत विचाराल तर, नवरा-बायकोने मिळून उभं केलेलं घर बायकोला पूर्ण मालकीनेच द्यावं. म्हातारपणी तिच्या हातात निर्णय असला की तिची विचारपूसही जास्त होते. बँकेच्या टेबलावरून हे स्वच्छ दिसायचं.

ज्याला द्यायचं तो तुमच्या आधी गेला तर काय, हेही लिहा. आणि शेवटी उरल्यासुरल्याचं कलम घाला : “वर उल्लेख न केलेली तसेच यापुढे माझ्या नावावर होणारी सर्व स्थावर-जंगम मालमत्ता अमुक यांना मिळावी.” या एका ओळीअभावी मृत्युपत्रानंतर उघडलेली मुदत ठेव पुन्हा कायद्याच्या वाटणीत जाते.

एखाद्याला कमी देत असाल तर कारण एका ओळीत लिहा, शांत शब्दांत. “थोरल्या मुलाला घर घेताना मी मदत केली असल्याने हे घर धाकट्या मुलीला देत आहे.” न्यायालय अस्वाभाविक वाटणाऱ्या वाटणीकडे संशयाने बघतं, आणि थोरलाही “बाबांच्या मनात काय होतं” याचा विचार करत झुरत नाही. राग मात्र मृत्युपत्रात काढू नका. तो कागद तुमच्या मागे कित्येक वर्षं टिकतो.

अज्ञान मुलं असतील तर पालक नेमता येतो, पण आई हयात असेल तर वडिलांनी नेमलेल्या पालकाला अर्थ राहत नाही. तो दोघांच्याही पश्चात कामाचा. विशेष गरजा असलेलं मूल असेल तर नुसता हिस्सा देऊन भागत नाही, ट्रस्ट करावा लागतो. ते काम जाणकार वकिलाकडेच द्या.

कागदावर उतरवताना

कोणत्याही भाषेत, साध्या कागदावर, हाताने लिहिलं तरी चालतं. स्टॅम्प पेपर लागत नाही, मुद्रांक शुल्कही नाही. मराठीत विचार करत असाल तर मराठीतच लिहा, न समजणाऱ्या इंग्रजीतल्या मृत्युपत्रावर सही केली की उद्या “त्यांना कळलं तरी होतं का?” हा प्रश्न उभा राहतो. सुरुवात साधारण अशी असते :

“मी, (पूर्ण नाव), वय, राहणार, पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने व कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. याआधी केलेली सर्व मृत्युपत्रे मी याद्वारे रद्द करत आहे.”

त्यानंतर कुटुंबातली माणसं, मालमत्तेची यादी, कोणाला काय, उरलेल्याचं कलम आणि एक्झिक्युटर, म्हणजे तुमच्या मागे हे सगळं अमलात आणणारा माणूस. तो विश्वासू हवा, तुमच्यापेक्षा वयाने लहान हवा, आणि त्याला आधी विचारलेलं हवं. पासवर्ड आणि पिन मृत्युपत्रात लिहू नका, ते पुढे अनेकांच्या हातात जातं. प्रत्येक पानावर सही करा. खाडाखोड झालीच तर तिथे तुमची आणि साक्षीदारांची सही घ्या. त्यापेक्षा पान पुन्हा लिहिणं बरं.

दोन साक्षीदार

मावशीचं सगळं इथेच अडलं. 1925 च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे किमान दोन साक्षीदार लागतात. तुम्हाला सही करताना त्यांनी पाहिलेलं हवं, किंवा “ही सही माझीच” असं तुम्ही त्यांना सांगितलेलं हवं, आणि त्या प्रत्येकाने तुमच्या समोर सही करायला हवी. दोघं एकाच वेळी हजर असलेच पाहिजेत असं कायदा म्हणत नाही. तरी दोघांना एकत्र बोलवा, तिघांनी एकाच टेबलावर, एकाच पेनाने सह्या करा आणि साक्षीदारांच्या सह्यांच्या वरच्या ओळीत लिहा : “यांनी आमच्यासमोर सही केली व त्यांच्यासमोर आम्ही सह्या केल्या.” शेजारच्या घरी कागद पाठवून सही मागवली, असं करू नका. उद्या तोच शेजारी न्यायालयात “सही माझी, पण त्यांना करताना पाहिलं नाही” म्हणेल आणि सगळं ढासळेल.

साक्षीदाराने आतला मजकूर वाचायची गरज नाही. ज्याला काही मिळणार आहे त्याला किंवा त्याच्या जोडीदाराला साक्षीदार करू नका. लाभ मिळणाऱ्याने मृत्युपत्र करण्यात पुढाकार घेतला, वकील त्यानेच आणला, सहीच्या वेळी तोच खोलीत होता, या गोष्टी न्यायालयात संशयास्पद ठरतात. तेव्हा मुलाने कितीही प्रेमाने “मी करून देतो बाबा” म्हटलं, तरी सहीच्या दिवशी त्याला बाहेर पाठवा. वय जास्त असेल किंवा आजारपण असेल तर त्याच दिवशीचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा. सक्ती नाही, पण तेच डॉक्टर साक्षीदार झाले तर फारच उत्तम.

नोंदणी

सक्तीची नाही. नोंदणी न केलेलं मृत्युपत्रही तितकंच वैध. पण दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवलं तर कागद हरवला, फाडला गेला किंवा बदलला गेला असे वाद कमी होतात. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी अधिकारी घरीही येऊ शकतात. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे, ही गल्लत फार जण करतात. आणि नोंदणी झाली म्हणून साक्षीदाराची गरज संपत नाही. वाद झालाच तर न्यायालयात साक्षीदारच लागतो.

ठेवायचं कुठे, बदलायचं कधी

फक्त तुमच्या नावाच्या लॉकरमध्ये ठेवू नका. तुमच्या मागे लॉकर उघडायला कागदपत्रं लागतात आणि कागद नेमका आत अडकतो. मूळ प्रत घरातल्या ठरलेल्या फाइलमध्ये किंवा एक्झिक्युटरकडे ठेवा, आणि ती कुठे आहे हे किमान दोन माणसांना सांगा. आत काय लिहिलंय ते सांगायचं की नाही, हे ज्याच्या त्याच्या घरावर. मला विचाराल तर सांगावं. मुलांचा चेहरा पडला तर समजावून सांगायला तुम्ही असता.

जमीन असेल तर वारसांना हेही सांगून ठेवा की नुसत्या मृत्युपत्राने सातबारा बदलत नाही, हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत फेरफारासाठी कळवायचं असतं.

मृत्युपत्र हयातीत कितीही वेळा बदलता येतं, शेवटचं तेच खरं. लग्न, घटस्फोट, मूल, घर विकणं, लाभार्थ्याचं निधन, असं काही झालं की वही काढा. नव्याने करताना जुन्या प्रती फाडून टाका, नाहीतर दोन कागद दोन भावांच्या हातात सापडतात. आणि बदलसुद्धा त्याच पद्धतीने, दोन साक्षीदारांसमोरच करायचा. जुन्या कागदावर पेनाने नाव खोडून चालत नाही.

मावशीनंतर महिनाभरात मी माझं मृत्युपत्र केलं. साक्षीदार म्हणून बँकेतले दोन जुने सहकारी घेतले, दोघंही माझ्याहून मोठे. मागच्या दोन वर्षांत दोघंही गेले. साक्षीदार वारले म्हणून मृत्युपत्र रद्द होत नाही, पण मग सह्या त्यांच्याच आहेत हे ओळखणारी माणसं शोधावी लागतात. म्हणून गेल्या महिन्यात सगळं पुन्हा लिहून काढलं. या वेळी साक्षीदार आहेत तळमजल्यावरची डॉक्टरीण आणि समोरच्या दारातला मुलगा, दोघंही चाळिशीच्या आतले. धाकटीला सहीच्या वेळी मुद्दाम स्वयंपाकघरात बसवलं होतं.